माळवदाचं घर : पाडावं की राखावं?

नांदेडहून हिंगोलीला निघालेली एस.टी. अर्धापूर मागं टाकते आणि वारंगा फाट्याला थांबते. इथं रस्ता फुटतो. एक आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे. फाट्यावर पाहाल तर स्लॅबची आणि पत्र्याची दुकानंच डोळ्यांत भरतात. पण डांबरी रस्ता सोडून आसपासच्या एखाद्या जुन्या गावात शिरा. गावठाणात दगडमातीच्या जाड भिंतींची, सपाट मातीच्या छपराची घरं अजून भेटतात. आपण त्यांना माळवदाची घरं म्हणतो. खानदेशातल्या मैत्रिणी धाब्याची म्हणतात.

तुमच्यापैकी कित्येकींचं माहेर नाही तर सासर अशा घरात असेल. नोकरीपायी बिऱ्हाड नांदेडला, परभणीला किंवा हिंगोलीला असलं, तरी पोळ्याला, महालक्ष्म्यांना जायचं ते याच घरी. आणि गेलं की रात्रीची जेवणं आटोपल्यावर हटकून तोच विषय निघतो. धाकटे भाऊजी म्हणतात, "पाडून टाकू, स्लॅब टाकू." सासूबाई म्हणतात, "माझ्या डोळ्यांदेखत नको." मामंजी सुपारी कातरत गप्प बसतात. सुनेला कुणी विचारत नाही. पण त्या छपराखाली लेकरं कुशीत घेऊन निजायचं असतं ते तिलाच!

हा प्रश्न आता नुसत्या आवडीनिवडीचा राहिलेला नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास कळमनुरी तालुक्यात भूकंपाचे दोन धक्के बसले. पहिला ४.५ तीव्रतेचा, आणि दहाएक मिनिटांनी दुसरा ३.६ चा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का बसला. त्याचंही केंद्र कळमनुरी तालुक्यातच होतं. नांदेड, परभणीपर्यंत हादरे जाणवले. सुदैवानं मोठी हानी झाली नाही. पण त्या दिवसापासून माळवदाकडे पाहताना पोटात गोळा येतो, असं म्हणणाऱ्या बायका काही खोटं बोलत नाहीत.

म्हणून पाडायचं की राखायचं, हे ठरवण्याआधी हे घर उभं कशावर असतं ते समजून घेऊ या. त्याला इंजिनिअर व्हावं लागत नाही. डोळे उघडे ठेवून घरभर एक चक्कर मारली की पुरे.

भार कोण वाहतं?

भिंत दोन-अडीच हात जाड, तिच्यात कोनाडे, देवळ्या, फडताळं, कुठं कुठं धान्याचं बळदसुद्धा. त्यामुळे घर भिंतीवर उभं आहे असं आपण धरून चालतो. चांगल्या बांधणीच्या घरात तसं नसतं. तिथं भार लाकूड वाहतं.

खाली दगडी तळखडा. त्यावर सागवानी खांब. दोन खांबांच्या डोक्यांवर आडवी तुळई. तुळयांवर ओळीनं कड्या, कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. ऐपत कमी असेल तर फळ्यांऐवजी फाट्या आणि चिपाडं. त्यावर पालापाचोळ्याचा थर आणि शेवटी माती. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. पूर्वी घराचं माप चौरस फुटांत सांगत नसत. "पाच खणांचं घर आहे" म्हटलं की ऐकणाऱ्याला ऐपत कळे आणि सोयरीक पुढं सरके.

भिंत या लाकडी सांगाड्याभोवती शालीसारखी गुंडाळलेली असते. तिचं काम ऊन, पाऊस आणि चोर बाहेर ठेवण्याचं. आपल्याकडे वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो. दुपारचं ऊन जाड भिंतीतून आत झिरपायला इतके तास लागतात, की ते आत पोचेपर्यंत बाहेर संध्याकाळ झालेली असते. पंखा नसलेल्या माजघरात सासूबाईंना दुपारी डुलकी लागायची ती त्यामुळे.

मातीसुद्धा वाटेल ती चालत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. ती शेताला चांगली, छपराला वाईट. माळवदाला लागते ती गावठाणाजवळची पांढरी माती. ती चोपली की घट्ट बसते, आणि खारवट असली तर गवतही कमी धरते. आपल्याकडे शेताला काळी आणि गावाला पांढरी म्हणतात, ते उगीच नव्हे.

लाकडानं भार वाहायचा आणि भिंतीनं आडोसा करायचा, ही युक्ती काही एकट्या आपली नाही. दूर इंग्लंडच्या खेड्यांत ओक लाकडाच्या सांगाड्याची चार-चार, पाच-पाच शतकांची घरं अजून नांदती आहेत. लाकडाला लाकूड खुंट्यांनी जोडलेलं, आणि मधल्या जागेत काटक्या विणून त्यावर माती लिंपलेली. आपली कुडाची भिंतच म्हणा ना! तिथं १९४७ च्या कायद्यापासून अशा घरांची सरकारी यादी ठेवतात. यादीत आज तीन लाखांहून जास्त इमारती आहेत आणि त्यांत साधी राहती घरं पुष्कळ. यादीतल्या घराचं रूप बदलेल अशी दुरुस्ती मालकालाही परवानगीशिवाय करता येत नाही.

आपल्या राज्यातही जुन्या वास्तूंसाठी १९६० चा कायदा आहे. देवळं, किल्ले, मोठे वाडे यांना त्याचा आधार मिळतो. दुसऱ्या बाजीरावाचा पुण्यातला विश्रामबागवाडा आज लोक मुद्दाम पाहायला जातात. पण आपल्या गावातलं पाच खणांचं माळवद कुठल्याही यादीत नसतं. ते राहील की जाईल, हे घरातली माणसंच ठरवतात.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेक सगळी झोपेत, आपल्याच घराखाली सापडून. तेव्हापासून साऱ्या मराठवाड्यात माळवदाचं नाव बद्दू झालं.

पण तज्ज्ञांनी ती घरं बारकाईनं पाहिली तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या.

एक म्हणजे भिंतीची बांधणी. बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि चिखल. या दोन पदरांना बांधून ठेवणारे लांब, आरपार दगड फारसे नव्हतेच. हादरा बसताच दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले, भिंतीला पोट आलं आणि ती ढासळली. जाडी होती, पण बांधिलकी नव्हती.

दुसरी गोष्ट डोक्यावरच्या मातीची. पुष्कळ घरांत तुळयांची टोकं थेट भिंतीवर टेकलेली होती. भिंत गेली की वरचं सगळं ओझं खाली आलं. याउलट जिथं खांब-तुळईचा सांगाडा पुरा आणि धड होता, अशा काही घरांत भिंती कोसळल्या तरी लाकडी सांगाडा छपरासकट उभा राहिला.

ओझं म्हणजे किती? आपण स्वयंपाकघरातल्या हिशेबानं पाहू. एक घनफूट दाबलेल्या मातीचं वजन साधारण ४५ किलो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर दोन फूट मातीचा थर असला, तर ती झाली २०० घनफूट माती. वजन ९,००० किलो! म्हणजे ज्वारीची क्विंटलची ९० पोती आपल्या अंथरुणावर रचलेली. पावसात भिजली की आणखी जड. हाच थर आठ इंचांचा असता तर ९० ऐवजी ३० पोती.

दोन फूट माती मुळात कुणी घातली नव्हती. ती दरवर्षी चढत गेली. मृगाच्या आधी माळवद सारवायचं, नवी माती पसरायची, धुम्मसानं चोपायची, ही आपली वहिवाट. गळती लागली की त्या जागी आणखी चार टोपल्या. जुनी माती खरवडून खाली टाकायची आणि मग नवी घालायची, हे जाणत्या घरांत पाळत. पण खरवडण्याची मजुरी कोण देणार? पणजीपासून नातसुनेपर्यंत नुसती भर पडत गेली. घर म्हातारं होत होतं, आणि आपण त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढवत होतो.

माळवद बायकांचं

आता एक गोष्ट स्पष्ट बोलू. या घरांचं कौतुक करणारे बहुधा पुरुष असतात, आणि ते ढाळजेत किंवा ओसरीवर बसलेले असतात. तिथं वारा असतो, उजेड असतो. आतलं माजघर आणि स्वयंपाकघर अंधारं. छपरातल्या साण्यातून, म्हणजे उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, पडेल तेवढाच कवडसा. चुलीचा धूरही तिथूनच बाहेर पडायचा. बाळंतिणीची खोली तर त्याहून काळोखी. घर राखायचं म्हणजे हा काळोखही राखायचा, असं मुळीच नाही.

पण याच घरानं बायकांना एक मोकळी जागा दिली होती. ते म्हणजे माळवद. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, धुतलेली डाळ, सगळं वाळायचं तिथं. एकाचं माळवद दुसऱ्याच्या माळवदाला लागलेलं. मोठ्या दरवाज्यातून बाहेर न पडता शेजारणीशी बोलता यायचं, विरजण मागता यायचं, मनातलं सांगता यायचं. उन्हाळ्यात रात्री अंथरुणं पडायची तीही तिथंच.

शिवाय घराची खरी देखभाल बायकांच्याच हाती होती. गवत उपटणं, परनाळीत अडकलेला पाला काढणं, भर पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वर जाऊन गळतीची जागा टाचेनं दाबणं, हे कुणी केलं? ही माळवदं शंभर-शंभर वर्षं टिकली ती सुताराच्या हातानं जेवढी, तेवढीच घरच्या लेकीसुनांच्या हातानं. घर बंद राहिलं, वर कुणी चढेनासं झालं, की दोन-तीन पावसाळ्यांत कड्या कुजायला लागतात.

किल्लारीनंतर जी दुरुस्तीची मोहीम झाली, तिच्यात ही गोष्ट ओळखली गेली. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीनं शेकडो गावांतल्या महिला मंडळांच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढं आल्या. दुरुस्ती कशी सुरक्षित करायची ते त्या शिकल्या, आणि मग गवंडी नीट काम करतो की नाही यावर लक्ष ठेवू लागल्या. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या बायकांना हे जमलं, मग आपल्याला का जमू नये?

आधी पाहा

पुढच्या सुटीत गावी गेलात की एवढं तपासा :

१. तुळईचं टोक कशावर टेकलं आहे? खांबावर असेल तर घराचा सांगाडा आहे. थेट भिंतीवर असेल तर धोका जास्त. बाहेरच्या भिंतीत खांब पुरलेला असू शकतो, म्हणून नीट निरखा.

२. खांबाचं बूड आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोकं बोटांनी ठोकून पाहा. भद्द आवाज आला, भुगा पडला किंवा मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर वाळवी समजा. चुलीच्या धुरानं पूर्वी लाकडाला कीड कमी लागे. गॅस आला, आपली छाती आणि डोळे वाचले, ते उत्तमच झालं. पण आता लाकडाची तपासणी आपल्यालाच करावी लागणार.

३. भिंतीला पोट आलं आहे का? दोरीला दगड बांधून वरून सोडा. मधे भिंत दोरीला ढकलते आहे असं दिसलं तर त्या भिंतीलगत कुणाला निजवू नका.

४. माळवदाच्या कडेला किंवा साण्याच्या तोंडाशी मातीचा थर दिसतो. पट्टीनं मोजा आणि वर दिलेला हिशेब करा.

मग करा

सगळ्यात आधी ओझं उतरवा. भरपूर माती असेल तर थर आठ इंचांपर्यंत आणतात आणि मधे जाड प्लॅस्टिकचा कागद घालतात, म्हणजे गळतीही थांबते. माती एका बाजूनं भराभरा काढायची नाही. सगळीकडून सारखी, थराथरानं काढायची. काढलेली माती छपराच्या कडेला ढीग करून ठेवायची नाही. काम पावसाळ्याच्या बरंच आधी उरकायचं, आणि सुरू करण्यापूर्वी बांधकाम जाणणाऱ्या इंजिनिअरला एकदा घर दाखवायचं. त्याची फी पत्र्याच्या किंमतीपुढं काहीच नाही.

खांब आणि तुळई जिथं मिळतात त्या कोनात तिरका आधार ठोकून घेता येतो. हादऱ्यात सांगाडा मग डुलत नाही. भिंतीचे दोन पदर बांधायला ठरावीक अंतरावर हलक्या हातानं आरपार भोक पाडून, त्यात आकड्याची सळई घालून काँक्रीट भरतात. किल्लारीनंतरच्या दुरुस्तीत हे उपाय सांगितले गेले होते, आणि ते नव्या घराहून पुष्कळ स्वस्त पडतात.

उजेड हवा? भिंतीत मोठी खिडकी फोडण्याआधी साणं मोठं आणि नीटस करता येईल का पाहा. त्यावर पारदर्शक पत्र्याचं झाकण बसवलं की पाऊस बाहेर आणि उजेड आत. खिडकी फोडायचीच तर कोपऱ्यापासून दोन-तीन फूट सोडून, आणि इंजिनिअरला विचारून.

झोपण्याच्या जागेवरच्या फळीवरून पितळी हंडे आणि डबे आजच खाली घ्या. दाराकडे जाणारी वाट पलंगांनी, पोत्यांनी अडवू नका. जड दरवाज्याची कडी अंधारात लेकरांनाही काढता आली पाहिजे.

आणि हे करू नका

जुन्या दगडमातीच्या भिंतीवर स्लॅब टाकू नका. स्लॅबला स्वतःचे खांब आणि पाया लागतो. माळवदाची माती काढून त्याहून आडदांड ओझं त्याच भिंतीवर ठेवण्यात शहाणपण नाही.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. भिंतीतली ओल बाहेर पडायची थांबते आणि आतल्या आत वर चढते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावाच बरा.

माळवद काढून पत्रे घातले असतील तर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवू नका. २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनानंही हे दगड काढून घ्यायला सांगितलं होतं. पत्रे नटबोल्टनं आवळून बसवावेत.

वाटण्यांच्या वेळी फार जपा. एक भाऊ आपल्या वाट्याचे दोन खण पाडतो, नक्षीचे खांब आणि चौकट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकतो. त्याची तुळई गेली की दुसऱ्या भावाच्या अर्ध्या घराचा आधार जातो. सामाईक खांब आणि तुळई सर्वांच्या संमतीशिवाय कापायची नाही, एवढं एक वाक्य वाटणीपत्रात घालायला लावा. बैठकीत आपल्याला बोलता येत नसेल, तर आदल्या रात्री ज्यांना सांगायचं त्यांना सांगून ठेवा!

काही घरं राखण्याच्या पलीकडे गेलेली असतात, हेही मान्य करायला हवं. सांगाडा नाही, भिंत फुगलेली, लाकूड पोखरलेलं, अशा घरात भावनेपायी माणसं निजवणं बरं नव्हे. ते उतरवा. पण उतरवताना धड खांब, तुळया, चौकटी आणि तळखडे बाजूला काढून नव्या घरात वापरा. किल्लारी भागात नवी गावं रुंद रस्त्यांची आणि सुट्या-सुट्या घरांची बसवली, तेव्हा लोकांनी पुढं आपल्या हातांनी त्या घरांना ओसऱ्या आणि आडोसे जोडून घेतले. ओसरी, चौक, बसायला मोकळी गच्ची, ही गरज स्लॅबच्या घरातही असते. नकाशा काढणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी सांगायची असते.

पाडा किंवा राखा, त्याआधी दोनशे पानी एक वही मात्र करा. घर किती खणांचं, खांब किती, कुठली खोली कशासाठी, बळद कुठं, पेव कुठं होतं, माती कुठून आणत, हे सासूबाईंना विचारून लिहून घ्या. मोबाइलवर प्रत्येक खोलीचे, प्रत्येक जोडाचे फोटो काढून ठेवा. दुरुस्तीच्या वेळी इंजिनिअरला याचा उपयोग होईल, वाटणीच्या वेळी वकिलाला. आणि सरकारी यादीत नसलेलं आपलं घर निदान आपल्या घरच्या यादीत तरी राहील. सासूबाई सांगायला बसल्या की दोन दुपारी सहज जातील, तेव्हा आधी चहाचं आधण ठेवा.

बळदात आणि कणगीत धान्याला कीड न लागावी म्हणून काय काय करत असत, आणि त्यातलं आजच्या पत्र्याच्या कोठीला काय लागू पडतं, ते पुढच्या अंकात पाहू.